गच्चीवरच्या राणीची बदली

जगातली कुठलीही राजवट शत्रूच्या हातून संपत नाही. ती संपते आपल्याच माणसांच्या हातून, अत्यंत प्रेमाने, आणि राजाला वेळच्या वेळी कोमट पाणी मिळत असताना.

हा विचार मला सुचला तेव्हा मी लालबागमधल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर उभा होतो. एका हातात माश्यांना धूर द्यायला धुमसणारं नारळाचं सोडण होतं आणि डोक्यावर कांद्याची लाल जाळी. कांद्याच्या जाळीच्या भोकातून मधमाशी आरामात आत येते हे मला लगेचच कळलं. ती नाकावर चावली. राजवटींचं चिंतन तिथेच संपलं.

जाळीची कल्पना अंबिकावहिनींची. त्यांनी स्वतः काहीच घातलं नव्हतं. माश्या आपल्याला ओळखतात असं त्यांचं म्हणणं. मलाही ओळखत असाव्यात. ओळखूनच चावली असणार.

अंबिकावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी पंचाहत्तरीच्या पुढे आहेत; किती पुढे, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे आणि दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. तेव्हा पुढे जे काही लिहिलं आहे ते त्यांच्याच भाकरीवर जगून लिहिलेलं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं आणि जमल्यास त्यांना सांगू नये.

वहिनींची सत्ता दोन ठिकाणी. गच्चीवर मधमाश्यांचं खोकं, आणि खाली चाळीचं महिला भजनी मंडळ. आमच्या कोकणी भजनात जो पेटी वाजवत पुढे गातो त्याला बुवा म्हणतात, मग तो पुरुष असो की बाई. बाकीचे सगळे कोरस. चाळीत वहिनींना कोणी अंबिकाबाई म्हणत नाही. अंबिकाबुवा. पोस्टमनसुद्धा.

खोकं आणलं ते त्यांचा भाचा लवू याने, कुडाळकडच्या त्यांच्या माहेराहून, रात्रभर एस.टी.त मांडीवर घेऊन. कंडक्टरने विचारल्यावर त्याने आत आमसुलं आहेत असं सांगितलं. आमसुलं गुणगुणत होती, पण कंडक्टरही तिकडचाच होता, त्याने अर्धं तिकीट फाडलं. तेव्हापासून त्या सातेरी जातीच्या माश्या आमच्या गच्चीवर राहून भायखळ्याच्या राणीच्या बागेत कामाला जातात. एकदा सोसायटीच्या चिटणिसांनी खोकं हलवायचा ठराव मांडला, त्याच संध्याकाळी त्यांच्या पापणीला माशी चावली. ठराव अजून मंजूर व्हायचा आहे.

आता मूळ गोष्ट. यंदाच्या गणपतीत मांडवात आमच्या मंडळाचं भजन होतं. वहिनी पेटीवर, मागे बायका. दुसरं कडवं झालं, आणि वहिनींनी पुन्हा दुसरंच सुरू केलं. एवढं कोणाचंही होतं. पण कोरसने तिसरं उचललं. कोणी कोणाला कोपरखळी मारली नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वहिनींच्या मागे डाव्या बाजूला त्यांची सून श्रेया बसली होती. तिने हळूच तिसरं कडवं घेतलं आणि सगळ्या बायका तिच्या मागून गेल्या. वहिनींची बोटं पेटीवर जरा थांबली. मग तीही तिसऱ्या कडव्यामागे गेली.

दुसऱ्या दिवसापासून श्रेयाच्या ओट्यावर डबे यायला लागले. पहिल्या मजल्यावरून ज्येष्ठमधाची कांडी आली. तिसऱ्यावरून आल्याचा पाक. कोणी तुपातला शिरा आणला, गळ्याला चांगला असतो म्हणून. श्रेया लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिला ही सेवा कशाबद्दल ते कळेना. मला कळत होतं, कारण याच बायका इतकी वर्षं वहिनींसाठी कोमट पाण्याचा तांब्या आणत. तांब्या अजूनही येत होता. एकही दिवस चुकला नाही. फक्त त्याच्याबरोबर येणारं सगळं आता श्रेयाकडे जात होतं.

मग रखमा माझ्याकडे आली. रखमा पहिल्या मजल्यावरची, लग्न होऊन चाळीत आली त्या वर्षापासून वहिनींच्या मागे बसून टाळ वाजवणारी. नवरात्रात परळच्या देवीच्या देवळात आमच्या मंडळाची बारी, म्हणजे भजनाचा सामना, असते, दरवर्षी, आणि समोर दुसरं मंडळ असतं. तिथे पुन्हा असं झालं तर लोक हसतील, आणि हसतील ते बुवाला हसतील. हे रखमाला सहन होणार नव्हतं. म्हणून यंदा पेटीवर श्रेया बसावी असं सगळ्यांचं ठरलं होतं, आणि ते वहिनींना सांगायचं काम माझं, कारण मी दीर.

"आम्ही त्यांना काढत नाय हां," रखमा म्हणाली. "त्या आहेतच. फक्त पुढे श्रेया."

मी तिला विचारलं की तूच का सांगत नाहीस, तुझं तर त्या ऐकतात. रखमा पदराने डोळे पुसत म्हणाली की तिला जमणार नाही, तिचा जीव आहे बुवांवर. माझाही होता, पण माझ्या जिवाचा विचार मंडळाने केलेला दिसला नाही.

श्रेयाचं तर वेगळंच. तिला गादी नकोच होती. मी तिला जिन्यात गाठलं तेव्हा ती रडवेली झाली. म्हणाली, "काका, मी मुद्दाम हळू गाते. कोपऱ्यात जाऊन बसले. तरी माझ्याच मागून येतात. मी काय करू, गायचंच बंद करू?"

  मी जिना चढून गच्चीवर गेलो, सांगायचंच असं ठरवून. तीच ती कांद्याच्या जाळीची वेळ.

वहिनींनी खोक्याचं झाकण काढलं होतं. एक चौकट वर उचलून त्या उन्हाकडे धरून बघत होत्या. मी घसा खाकरला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, फूट पडली."

 मला वाटलं, रखमाने सांगून टाकलं. पण त्या चौकटीबद्दल बोलत होत्या. पोळ्याच्या मधोमध भुईमुगाच्या शेंगेसारखी दोन घरं लोंबत होती. ही राणीची घरं. माश्या नवी राणी करायला निघाल्या होत्या आणि जुनी तर तिथेच, त्याच पोळ्यावर, जड पोट ओढत फिरत होती.

आता गिरणगावात वाढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. एका खोक्यात दुसरा अध्यक्ष तयार झाला की निम्मी माणसं घेऊन तो वेगळं मंडळ काढणार, समोरच्या नाक्यावर मांडव घालणार, आणि वर्गणीचं पुस्तक वेगळं छापणार. आमच्याकडे दोन माणसं चहाला वेगळी बसली तरी लोक तिसऱ्या मंडळाचं नाव विचारतात. वहिनींचं भजनी मंडळही एकदा फुटलं होतं. त्यामुळे वहिनींनी भुवई न हलवता सुरी घेतली आणि दोन्ही घरं खुडून टाकली. म्हणाल्या, आता बसतील गप्प. मग वळून मला विचारलं की मी कशाला आलो होतो.

"सहज," मी म्हणालो. तोवर नाक भोपळी मिरचीएवढं झालं होतं. अशा नाकाने कोणाला राजीनामा मागता येत नाही.

खाली रखमा वाट पाहत होती. माझ्या नाकाकडे पाहून तिने ओळखलं की बोलणी फिसकटली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पितृपक्ष लागला होता. पितृपक्षात कोणी नवीन काही सुरू करत नाही, तेव्हा हे बोलणं पुढे ढकलावं असा एक भक्कम मुद्दा मी रखमापुढे मांडला होता. पण माश्यांना पितृपक्ष नसतो. गच्चीवर जाऊन बघतो तर पोळ्यावर पुन्हा राणीची घरं. पुन्हा मधोमध. वहिनींनी मोबाइलवर लवूला लावलं होतं आणि त्याला ती चौकट दाखवत होत्या. लवूचं अर्धं कपाळ आणि मागचा माड एवढंच पडद्यावर दिसत होतं.

लवूने समजावून सांगितलं, आणि तो चांगला समजावतो. माश्यांना जेव्हा वेगळा संसार थाटायचा असतो तेव्हा त्या राणीची घरं पोळ्याच्या खालच्या कडेला बांधतात, आणि बरीच बांधतात. मधोमध एखाददुसरं बांधलं तर ती फूट नसते. राणी थकलेली असते. तिचा वास मंदावतो, अंडी विरळ पडतात, आणि तिच्याच माश्या तिच्याच एका अळीला वेगळं खाऊ घालून दुसरी राणी करतात. ती अळी मुळात वेगळी नसते. बाकीच्यांसारखीच असते. तिला फक्त खाऊ वेगळा आणि घर मोठं. तिला कोणी विचारलेलंही नसतं.

मला श्रेयाच्या ओट्यावरचे डबे आठवले. मी आकाशाकडे पाहत उभा राहिलो. लालबागच्या आकाशात हल्ली उंच इमारतींच्या क्रेनशिवाय बघण्यासारखं काही नसतं, पण मी बराच वेळ बघितलं.

"आमचं मंडळ पण मधूनच फुटलं होतं," वहिनी लवूला म्हणाल्या. "कडेच्या बायका शेवटपर्यंत माझ्याबरोबर होत्या. मला नको सांगू मधलं नि कडेचं."

"आते, ऐक माझा," लवूचं कपाळ म्हणालं. "आता कापलंस तर खोको जातलो. म्हातारी गेली नि दुसरी नाय, मगे कोण अंडी घालतलो?"

वहिनींनी विचारलं की ही अजून घालते ना अंडी. लवू म्हणाला, घालते, पण थोडी. वहिनी म्हणाल्या, मग. आणि फोन माझ्या हातात देऊन त्यांनी घरं कापली.

म्हणजे या वेळी त्यांना माहीत होतं. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा कळून. मी लवूचं कपाळ हातात धरून उभा होतो. मी काही करू शकलो असतो का? हात धरला असता तर तो वहिनींचा हात होता, आणि त्यात सुरी होती. वहिनींनी मला पुन्हा विचारलं की मी कशासाठी आलो. मी पुन्हा सहज आलो होतो.

पुढचे काही दिवस चाळीतलं प्रत्येक जण प्रत्येकाशी फार गोड वागत होतं. यासारखं वाईट लक्षण नाही. सरावाला वहिनी पेटीवर बसत. त्या चुकल्या की बायका क्षणभर थांबत, श्रेया मान खाली घालून गप्प बसे, म्हणून मग कोणीच काही गात नसे, आणि पखवाज बिचारा एकटाच पुढे जाई. वहिनी म्हणत, लक्ष कुठे आहे गं तुमचं? बायका म्हणत, चुकलं बुवा. एकामागून एक सगळ्यांनी चूक आपल्या अंगावर घेतली. दोघीतिघींनी यायचंच बंद केलं. एकीचे गुडघे दुखायला लागले, एकीचे पाहुणे आले. रखमा मला दिसली की माझ्याकडे बघे. मी पेपर वर करी.

नवरात्राच्या तोंडावर मी तिसऱ्यांदा चढलो. खोकं हलकं झालं होतं हे मलासुद्धा कळलं. दारात वर्दळ नाही, स्टँडच्या पायाला मुंग्या. वहिनींनी चौकट उचलली तर पोळं चाळणीसारखं. अळ्यांपेक्षा रिकामी भोकं जास्त. आणि मधोमध, या वेळी एकच, राणीचं घर. तोंड बंद केलेलं. आत कोणीतरी तयार होत होतं.

वहिनींच्या हातात सुरी होती. मी सोडणावर फुंकर मारत राहिलो. धूर सगळा माझ्याच तोंडावर येत होता. निदान डोळ्यांतल्या पाण्याचं कारण विचारायची कोणाला गरज पडली नसती.

वहिनी बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, चष्मा लावा आणि हे बघा."

मी जवळ गेलो. म्हातारी राणी पोळ्याच्या एका अंगाला थांबली होती. पंखांच्या कडा झिजलेल्या. भोवती पाच-सहा माश्या तिच्याकडे तोंड करून. एक तिला भरवत होती, एक तिचं अंग चाटत होती. तेवढ्यात भरवणारी वळली, चार पावलं चालली, आणि त्या बंद घरावर जाऊन ऊब द्यायला बसली.

"त्याच आहेत ह्या," वहिनी म्हणाल्या. "इकडे भरवतायत पण. आणि तिकडे घर पण त्यांनीच बांधलंय. मला वाटलं वेगळ्या असतील."

मी म्हणालो, "त्याच आहेत."

तीन वेळा चढून मी एवढंच बोललो. ठरवून आलेलं वाक्य तोंडात होतं, पण ते आता कोणाला सांगायचं? वहिनींनी सुरी पदराला पुसली, घर तसंच ठेवलं आणि चौकट इतक्या सावकाश आत सोडली की एकही माशी उठली नाही. झाकण लावलं. वर वीट ठेवली.

"तुम्ही कशाला आला होता?"

"सहज."

"तिसऱ्यांदा सहज?" असं म्हणून त्या जिना उतरायला लागल्या.

घटस्थापना होऊन गेली आणि त्यांनी मला एकदा पुन्हा वर नेलं. नवी राणी बाहेर आली होती. लांबट, झळझळीत, सारखी धावणारी. जुनीही होती. एकाच पोळ्यावर, वीतभर अंतरावर, दोघी आपापल्या वाटेने चालत होत्या आणि कोणी कोणाच्या वाटेत येत नव्हतं. वहिनींनी लवूला फोन लावून विचारलं की आता ही हिला मारणार का. लवू म्हणाला, नाही, बऱ्याचदा मायलेकी काही दिवस एकत्र नांदतात. वहिनींनी विचारलं, मग? लवू म्हणाला, मग एक दिवस म्हातारी दिसत नाही. तिला कोण काढतं, ते त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं खोकी सांभाळून त्याने ते कधी बघितलेलं नव्हतं. वहिनी "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला तिसरी भाकरी आग्रहाने वाढली आणि स्वतः ताकावर उठल्या.

बारीच्या संध्याकाळी देऊळ भरलं होतं. समोरचं मंडळ भायखळ्याचं, त्यांची बुवा तिशीतली, साडीला मॅचिंग माइक. त्यांनी त्यांची बारी अशी वाजवली की आमच्या चाळीतल्या पुरुषांनी चुकून टाळ्या दिल्या. मग आमच्या बायका बसल्या. पेटी मध्ये, पेटीसमोर माइक, माइकसमोर वहिनी. श्रेया मागच्या बाजूला, खांबाच्या आड. रखमाने टाळ हातात घेतले आणि माझ्याकडे शेवटचं पाहिलं. मी देवीकडे पाहिलं. देवीने कोणाकडे पाहिलं ते सांगता येत नाही.

वहिनींनी सुरुवात केली. पहिलं कडवं चांगलं गेलं. खरं सांगायचं तर फारच चांगलं गेलं. आवाज चिरका झाला होता, पण त्यात अजून ती धार होती जी ऐकून जुन्या काळी गिरणीतून सुटलेली माणसं जिन्यात थांबत. मला वाटलं, निभावलं. दुसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. बोटं पेटीवर चालत होती. सूर वाजत होता. शब्द नव्हते. पखवाजवाल्याने एक आवर्तन घेतलं, आणखी एक घेतलं. समोरच्या मंडळातली एक बाई शेजारणीच्या कानाशी वाकली.

आणि खांबाच्या आडून श्रेयाने दुसरं कडवं धरलं. हळूच. जणू घरात भांडी घासताना गुणगुणावं तसं. सगळ्या बायका तिच्या मागून गेल्या. रखमा गेली, डोळे मिटून, गालांवरून पाणी वाहत असताना, टाळ एका मात्रेनेही न चुकवता. देवळातल्या कोणालाच काही कळलं नसेल; लोकांना वाटलं असेल की अशीच बसवलेली चाल आहे. आम्हा चाळवाल्यांना कळलं आणि आम्ही कोणीच काही करू शकत नव्हतो. ज्याला त्याला दोन हात होते आणि ते सगळे टाळ्या वाजवण्यात गुंतले होते.

वहिनी वाजवत राहिल्या. कडवं संपलं, गजर झाला, तेव्हा त्यांनी पेटीवरचे हात उचलले. पखवाज थांबला. बाहेरच्या नारळवाल्याचा सुट्टे मागणारा आवाज आत आला. वहिनींनी मान वळवून खांबाकडे पाहिलं. मग पेटी दोन्ही हातांनी धरली आणि जमिनीवरून तशीच सरकवत मागे, श्रेयाच्या पुढ्यात नेली. श्रेया "आई, नको ना" म्हणत होती. वहिनींनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. त्या माइकपाशी परत आल्या, माइक स्टँडवरून काढून हातात घेतला.

आता त्या काहीतरी बोलणार हे सगळ्यांना कळलं. भायखळ्याच्या बुवांनी पदर सावरला. पुजारी गाभाऱ्यातून बाहेर आले. पुढच्या रांगेत कोणीतरी मोबाइल वर केला. रखमा तोंडात पदर धरून बसली, आणि मी, ज्याला हेच वाक्य तीनदा सांगायला पाठवलं होतं, मान खाली घालून वाट पाहू लागलो.

वहिनींनी मागे भिंतीला टेकून बसलेल्या, कोरसमधल्या सगळ्यात लहान मुलीकडे पाहिलं.

"ए मनवा," त्या माइकमध्ये म्हणाल्या, "सरक गं जरा. भिंतीला टेकू दे मला."